आधी दिवस विचारा

वाचकाचं पत्र

‘गर्भविज्ञानाच्या प्रयोगशाळेत मी नुकतीच पीएच.डी.ला सुरुवात केली आहे. विषय आहे, कर्करोगकारक रसायनांचा उंदीर (माउस) आणि रॅट यांच्या गर्भावर होणारा परिणाम. सरांनी ईएनयू, म्हणजे एथिलनायट्रोसोयुरिया, हे रसायन निवडून दिलं आहे. वाचायला बसले आणि पार गोंधळून गेले. एका शोधनिबंधात या रसायनामुळे रॅटच्या पिल्लांमध्ये व्यंगं आली. दुसऱ्यात पिल्लं धडधाकट जन्मली आणि मोठेपणी त्यांच्या मेंदूत गाठी निघाल्या. तिसऱ्यात गर्भच टिकले नाहीत. यातलं खरं काय? गर्भातल्या पेशी एवढ्या झपाट्याने वाढतात, मग गर्भालाच कर्करोग का होत नाही? आमच्या उंदरांवरच्या पहिल्या फेरीत काही पिल्लांना एक जादा बरगडी दिसली. सर म्हणतात, हा परिणाम आहे, लिहून टाक. मला खात्री वाटत नाही. आणि एक गोष्ट अजून कुणाला विचारलेली नाही. आम्ही दोघं मूल होऊ देण्याच्या विचारात आहोत. मी ईएनयूला हात लावावा का? सरांना सांगितलं तर विषयच काढून घेतील अशी भीती वाटते.’

– एक संशोधक विद्यार्थिनी

उत्तर

प्रिय विद्यार्थिनी,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. बाकीचे प्रश्न आठवडाभर पडून राहिले तरी काही बिघडणार नाही, याचं तसं नाही.

ईएनयूची पूड तोलणं, द्रावण करणं आणि इंजेक्शन देणं ही कामं आजपासून थांबवा. चाचणी पॉझिटिव्ह आली की थांबवू, असं ठरवू नका. माणसाच्या गर्भाची मज्जानलिका, म्हणजे जिच्यापासून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू घडतात ती नळी, गर्भधारणेनंतर साधारण चार आठवड्यांत मिटते, आणि पाळी चुकली म्हणून चाचणी करेपर्यंत त्यातले दोन आठवडे उलटलेले असतात. फ्रान्समधल्या ल्योंच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने हे रसायन २ए गटात, म्हणजे माणसात बहुधा कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत टाकलं आहे. शिवाय त्याला सक्रिय व्हायला यकृतातल्या विकरांची (एन्झाइमची) गरज लागत नाही. जिथे पोचेल तिथे ते थेट डीएनएला एथिल गट चिकटवतं. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या ओक रिज इथल्या विल्यम रसेल आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की नर उंदराच्या बीजपेशींमध्ये उत्परिवर्तनं घडवण्यात ईएनयूच्या जवळपास जाईल असं दुसरं रसायन तेव्हा माहीत नव्हतं. म्हणजे तुमचे पतीही अशाच कामात असतील, तर हा सल्ला त्यांच्यासाठीही आहे.

विषय मात्र सोडू नका. ईएनयू शरीरात गेल्यावर काही मिनिटांत मोडून जातं. मात्रा देण्याचं काम प्रशिक्षण घेतलेल्या एका सहकाऱ्याकडे द्यावं. पिंजऱ्यातला भुसा दूषित समजून त्यांनीच बदलावा आणि गर्भ बाहेर काढण्यापासून पुढचं सगळं तुम्ही करावं. उरलेलं द्रावण अल्कधर्मी सोडियम थायोसल्फेटमध्ये निष्प्रभ करायचं असतं. तुमच्याकडे ते खरोखर होतं की नुसतं वहीत लिहिलं जातं, याची चौकशी करा. बाहेर काढलेले गर्भ जतन करायला वापरतात ते फॉर्मॅलिनही साधं समजू नका. त्यातलं फॉर्माल्डिहाइड त्याच कर्करोग संस्थेच्या पहिल्या गटात, म्हणजे माणसात खात्रीने कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत आहे, तेव्हा ते काम वाफा बाहेर ओढणाऱ्या फ्यूम हूडखालीच.

सरांना घरातल्या गोष्टी सांगायची गरज नाही. ‘मात्रा देणारा हात एकच असू दे, म्हणजे माणूस बदलल्यामुळे येणारा फरक टळेल,’ एवढं म्हणा. हे निमित्त नाही, खरंच चांगल्या प्रयोगाचा नियम आहे. सुरक्षा अधिकाऱ्यांशी मात्र उघड बोला आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना रसायनाचं नाव कागदावर लिहून द्या. आजवर हातमोजे घालून हूडखाली काम केलं असेल, तर झोप उडवून घेण्याचं कारण नाही. केव्हा आणि किती हाताळलं याची तारीखवार नोंद डॉक्टरांपुढे ठेवा, पुढचा निर्णय त्या नोंदीवर होईल.

आता तुमचे तीन शोधनिबंध. तिन्ही खरे आहेत. तुम्ही रसायनाचं नाव कळवलंत, प्राणी कळवलात, पण मात्रा गर्भधारणेच्या कितव्या दिवशी दिली हे तिघांपैकी एकाबद्दलही लिहिलं नाहीत. घोळ तिथे आहे. या विषयात एक सवय लावून घ्या: कुठलाही निष्कर्ष वाचला की रसायनाच्या आधी दिवस विचारायचा.

रॅटचा गर्भकाळ सुमारे २२ दिवसांचा, उंदराचा त्याहून दोन-तीन दिवसांनी कमी. १९६८ मध्ये इव्हान्कोविच आणि ड्रुक्रे यांनी बीडी-नऊ जातीच्या गाभण रॅटना ईएनयूची एकच मात्रा वेगवेगळ्या दिवशी दिली. पंधराव्या दिवशी किंवा त्यानंतर मात्रा मिळालेली पिल्लं दिसायला निरोगी जन्मली. काही महिन्यांनी त्यांच्या मेंदूत, मज्जारज्जूत आणि चेहऱ्याकडे जाणाऱ्या मोठ्या चेतातंतूवर गाठी निघाल्या. प्रौढ रॅटशी तुलना केली तर गर्भाची चेतासंस्था सुमारे ५० पट अधिक संवेदनशील निघाली. तीच मात्रा अकराव्या दिवसाच्या आधी दिली तर गाठी होत नाहीत. त्या वेळी गर्भ मरतात किंवा त्यांची घडण बिघडते. तुमचे तीन निबंध हे एकाच दिनदर्शिकेचे तीन तुकडे आहेत.

दिवस बदलल्यावर इतका फरक का पडतो, हे दोन टोकांकडून पाहू.

सुरुवातीच्या टोकाला गर्भ म्हणजे मोजक्या पेशींचा गोळा. उंदराच्या गर्भात गर्भाशयात रोपण होण्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे साडेतीन दिवसांनी, काही डझन पेशी असतात आणि कोणती काय होणार हे बरंचसं ठरायचं असतं. थोड्या पेशी गेल्या तर उरलेल्या जागा भरून काढतात. फार गेल्या तर गर्भ संपतो. म्हणून जुन्या पाठ्यपुस्तकांत या काळाला ‘सगळं किंवा काहीच नाही’ असं म्हणतात. ते पाठ करा, पण त्यावर विसंबू नका. १९८७ मध्ये जेनेरोसो आणि सहकाऱ्यांनी मादी उंदरांना समागमानंतर काही तासांतच इथिलीन ऑक्साइड दिलं. अंड्याचं फलन होत असतानाची ती वेळ. ‘काहीच नाही’ गटात जायला हवी होती अशा पिल्लांमध्येही व्यंगं आढळली. इथिलीन ऑक्साइड हे खात्रीचं कर्करोगकारक आहे.

रोपणानंतर गर्भाचे तीन थर बनतात तेव्हा पेशी विलक्षण वेगाने विभागतात. उंदरात हा काळ साधारण साडेसहा ते साडेआठ दिवसांचा. या दिवसांत डीएनएला किरकोळ इजा झाली तरी पेशी दुरुस्तीसाठी थांबत नाही, सरळ आत्महत्या करते. पी-५३ या जनुकाचा त्यात मोठा हात असतो. १९९५ मध्ये बेन्झोपायरीन हे धुरातलं कर्करोगकारक गाभण उंदरांना देऊन पाहिलं गेलं. ज्यांच्यात पी-५३ कमी होतं त्यांच्या गर्भांना अधिक व्यंगं आली आणि अधिक गर्भ दगावले. आपण या जनुकाला कर्करोगाचा पहारेकरी म्हणून ओळखतो. गर्भात ते व्यंगाविरुद्धही पहारा देतं. इजा झालेली पेशी वेळेवर मेली तर गर्भ वाचतो. मात्र एकाच जागी फार पेशी मेल्या तर तिथला अवयव अपुरा राहतो. व्यंग आणि मृत्यू यांच्यातली सीमा अशी आकड्यांवर ठरते.

तुम्ही विचारलंय, गर्भालाच कर्करोग का होत नाही. एक कारण हेच. दुसरं कारण वेळेचं आहे: गाठ वाढायला महिने लागतात आणि रॅटच्या गर्भापाशी असतात फक्त तीन आठवडे. तिसरं कारण मला सगळ्यांत आवडतं. १९७५ मध्ये बिअट्रिस मिंट्झ आणि कार्ल इल्मेन्झे यांनी उंदराच्या घातक गाठीतल्या पेशी अगदी कोवळ्या गर्भात सोडल्या. त्या पेशी शिस्तीत लागल्या आणि निरोगी पिल्लाच्या अवयवांचा भाग बनून गेल्या. कर्करोगाची पेशी निरोगी बाळाच्या अंगात कामाला लागते, हे तेव्हा पुष्कळांना पचलं नव्हतं. ती गाठ गर्भपेशींसारख्या पेशींची होती, तेव्हा याचा सरसकट नियम करू नये. पण कोवळ्या गर्भाचं वातावरण पेशीला वळण लावतं, हे यातून दिसतं.

दुसऱ्या टोकाला, अवयवांचे आराखडे पडून गेल्यावर, व्यंग घडायला जागाच उरत नाही. उंदरात मज्जानलिका नवव्या दिवसाच्या आसपास मिटते, टाळूच्या दोन बाजू चौदाव्या-पंधराव्या दिवशी जुळतात. सोळाव्या दिवशी दिलेलं रसायन मिटलेली नलिका उघडू शकत नाही. पण ऊती अजून वाढत असतात, पेशी अजून विभागत असतात आणि इजा झालेली पेशी आता तितक्या तत्परतेने मरत नाही. ती इजा घेऊन जगते.

ईएनयूच्या बाबतीत ती इजा रेणूपर्यंत माहीत आहे. एथिल गट ग्वानिन या डीएनएतल्या अक्षराच्या एका विशिष्ट ऑक्सिजनवर बसला की डीएनएची नक्कल होताना तो ग्वानिन सायटोसिन या नेहमीच्या जोडीदार अक्षराऐवजी थायमिनशी जोडी लावतो. १९७४ मध्ये गोथ आणि रायेव्स्की यांनी कोवळ्या रॅटमध्ये दाखवलं, की यकृत हा डाग लवकर पुसून टाकतं, मेंदूत तो बराच काळ तसाच राहतो. गाठी मेंदूत होतात, यकृतात नाहीत, याचं मोठं कारण इथे हाताशी लागलं.

थोडं विषयांतर करते, कारण ही गोष्ट तुम्हाला कुणी सांगितलेली नसेल. पंधराव्या दिवशी गर्भात ईएनयू मिळालेल्या अशाच रॅटच्या गाठींमधून काढलेला डीएनए १९८१ मध्ये रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत साध्या पेशींमध्ये घातला गेला आणि त्या पेशी बेबंद वाढू लागल्या. त्यामागच्या जनुकाला ‘न्यू’ असं नाव मिळालं. पुढे कळलं की एकच अक्षर बदललं होतं, थायमिनच्या जागी ॲडेनिन, आणि त्यामुळे प्रथिनातलं एकच अमिनो आम्ल. माणसातलं हेच जनुक म्हणजे हर-२. स्तनांच्या काही कर्करोगांवर १९९८ पासून मान्यता असलेलं ट्रॅस्टुझुमॅब हे औषध त्याच्याच प्रथिनाला पकडतं. गाभण रॅटला टोचलेल्या एका सुईची वाट इथवर आली. माणसात मात्र बिघाड वेगळा असतो, तिथे सहसा अक्षर बदलत नाही, जनुकाच्या प्रती वाढलेल्या असतात. मूलभूत प्रयोगांना ‘याचा उपयोग काय’ असं विचारणाऱ्यांसाठी हे उदाहरण जवळ असू द्या.

आता दिवसाला जोडून आणखी तीन प्रश्न विचारायचे. पहिला: रसायन स्वतः सक्रिय आहे की त्याला कुणी सक्रिय करावं लागतं? डायएथिलनायट्रोसअमिन हे ईएनयूचंच नातलग, पण त्याला आधी विकरांनी बदलावं लागतं. सिरियन हॅमस्टरचा गर्भकाळ जेमतेम १६ दिवसांचा. तिथे हे रसायन पिल्लांच्या श्वसनमार्गात गाठी घडवतं ते शेवटच्या काही दिवसांत दिलं तरच, कारण गर्भाच्या ऊतींमध्ये ते विकर तोवर पुरेसं तयार झालेलं नसतं. सायक्लोफॉस्फमाइडचं आणखी स्पष्ट दिसतं. नवव्या-दहाव्या दिवसाचा रॅटचा गर्भ बाटलीत रक्तद्रवात वाढवता येतो. त्या बाटलीत हे औषध नुसतं टाकलं तर फारसं काही होत नाही, यकृताचा अर्क सोबत घातला की गर्भ बिघडतो. बाटलीतले प्रयोग करायचे ठरवलेत तर हे आधी लक्षात घ्या, नाहीतर निर्धोक नसलेल्या रसायनाला तुम्ही निर्धोक ठरवून बसाल.

दुसरा: रसायन गर्भापर्यंत पोचलं का? ट्रायपॅन ब्लू या रंगाने रॅटच्या गर्भात व्यंगं येतात, हे १९४८ पासून माहीत आहे. तो रंग संभाव्य कर्करोगकारकांच्या यादीतही आहे. तेव्हा डीएनए बिघडल्यामुळेच व्यंगं आली असणार, असं म्हणायचा मोह होतो. पण रंग गर्भापर्यंत जातच नाही. उंदीर-रॅटमध्ये वार पूर्ण कामाला लागण्याआधी गर्भाभोवतीची पीतक पिशवी मातेकडची प्रथिनं शोषून पचवते आणि गर्भाला पुरवते. रंग त्या पिशवीत साठतो आणि पचन अडवतो. गर्भ उपाशी राहतो. माणसात पीतक पिशवीची मांडणी अशी नसते, त्यामुळे हा परिणाम जसाच्या तसा माणसाला लावता येत नाही. ‘कर्करोगकारक आहे, व्यंगकारकही आहे, म्हणजे दोन्हींचं कारण एक’ असं वाक्य लिहायला हात उचलला की ट्रायपॅन ब्लू आठवा.

तिसरा: प्राणी कोणता? पंधराव्या दिवसानंतरचं ईएनयू रॅटच्या चेतासंस्थेत गाठी करतं, उंदरात मुख्यतः फुप्फुसात आणि यकृतात. वारेतून कर्करोग घडवल्याचा जुना पुरावाही उंदराच्या फुप्फुसाचाच आहे: १९४७ मध्ये लार्सन यांनी गाभण उंदरांना युरेथेन दिलं होतं. पाटास माकडांमध्ये तर काळच उलटा निघाला. तिथे गर्भकाळाच्या पहिल्या तिसऱ्या हिश्श्यात दिलेलं ईएनयू अधिक घातक ठरलं. उंदीर-रॅटमध्ये उशिराचे दिवस धोक्याचे, म्हणून माणसातही सुरुवातीचे महिने कर्करोगापासून सुरक्षित, असा निष्कर्ष या एका गोष्टीने बाद होतो.

प्रौढ प्राण्यांत काही दिसलं नाही म्हणजे गर्भातही दिसणार नाही, असंही नसतं. अर्सेनिक माणसात कर्करोग घडवतं हे फार पूर्वीपासून ठाऊक होतं, पण प्रौढ उंदीर-रॅटमध्ये ते दाखवता येत नव्हतं. २००३ मध्ये वाल्केस आणि सहकाऱ्यांनी गाभण उंदरांच्या पिण्याच्या पाण्यात आठव्या ते अठराव्या दिवसापर्यंत अर्सेनाइट घातलं आणि नंतर बंद केलं. पिल्लांना जन्मानंतर एक थेंबही मिळाला नाही. तरी मोठेपणी नरांच्या यकृतात आणि माद्यांच्या फुप्फुसांत व अंडाशयांत गाठी वाढल्या.

माणसापुरतं थोडक्यात सांगते, कारण घरात पाळणा हलायच्या बेतात असताना हे निबंध वाचणं सोपं नाही. काही वेळा माणसांनीच उंदरांच्या आधी किंमत मोजली. गर्भपात टाळायचा म्हणून डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉल हे संप्रेरक अनेक वर्षं गर्भवतींना दिलं गेलं. १९७१ मध्ये हर्ब्स्ट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की त्या मातांच्या तरुण मुलींमध्ये योनीचा एक दुर्मीळ कर्करोग होतो आहे. प्राण्यांमधला पडताळा मुख्यतः नंतर आला. उलट बाजूचं उदाहरण झिडोव्हुडिन या एचआयव्हीवरच्या औषधाचं. १९९७ मध्ये गाभण उंदरांना ते भरपूर मात्रेत दिल्यावर पिल्लांमध्ये गाठी वाढल्याचं दिसलं. पण १९९४ च्या चाचणीत याच औषधाने मातेकडून बाळाकडे जाणाऱ्या एचआयव्हीचं प्रमाण सुमारे २५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आणलं होतं. डॉक्टरांनी औषध बंद केलं नाही, मुलांवर लक्ष ठेवत राहिले. माझ्या मते ते बरोबर होतं. उंदरावरचा निष्कर्ष ही धोक्याची सूचना असते. माणसात तो धोका किती आणि कशाच्या बदल्यात पत्करायचा, हे उंदीर सांगत नाही. तुमच्या बाबतीत मात्र ईएनयूच्या बाटलीच्या बदल्यात मिळण्यासारखं काहीच नाही, म्हणून वर इतकं ठणकावून लिहिलं.

राहिली बरगडी. उंदीर आणि रॅट दोघांनाही साधारणपणे बरगड्यांच्या १३ जोड्या असतात. चौदावी, बहुधा आखूड, बरगडी नियंत्रण गटातही, म्हणजे रसायन न दिलेल्या प्राण्यांतही, सर्रास दिसते. मातेवर ताण आला, तिचं खाणं किंवा वजन कमी झालं, तरी तिचं प्रमाण वाढतं. म्हणून तिला बहुतेक जण व्यंगात न धरता ‘फरक’ म्हणून नोंदवतात. तुमच्या नियंत्रण गटातल्या माद्यांना नुसत्या द्रावकाचं इंजेक्शन दिलं होतं का? त्यांच्या पिल्लांत किती बरगड्या निघाल्या? मात्रा मिळालेल्या मातांचं वजन दररोज लिहून ठेवलंय का? माता आजारी पडेल इतकी मात्रा दिली असेल, तर बरगडी रसायनाने आली की मातेच्या आजारपणाने, हे कुणालाच सांगता येणार नाही.

त्याहून मोठी चूक मला पत्राच्या शब्दांतूनच दिसते. ‘काही पिल्लांना’ असं तुम्ही लिहिलंय. ती पिल्लं किती वेतांतली? एका मादीची दहा पिल्लं एकाच गर्भाशयात, एकाच रक्तावर वाढलेली असतात, त्यांना दहा स्वतंत्र निरीक्षणं धरता येत नाही. सहा माद्यांची साठ पिल्लं तपासली तरी तुमचा नमुना सहाचाच. जादा बरगडीची सगळी पिल्लं दोन मातांची निघाली, तर सरांचा परिणाम बहुधा तिथेच विरघळेल. नियामक चाचण्यांसाठीच्या ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ४१४ क्रमांकाच्या पद्धतीत दर गटात सुमारे २० गाभण माद्या, किमान तीन मात्रा आणि एक नियंत्रण गट मागतात, ते याचसाठी. पीएच.डी.ला एवढे प्राणी मिळणार नाहीत आणि मागूही नयेत, पण गणित वेताला धरूनच करा.

गर्भाशय उघडल्यावर जिवंत पिल्लं मोजून थांबू नका. शोषून गेलेल्या गर्भांच्या खुणा आणि बीजांडकोशावरचे पीतपिंडही, म्हणजे अंडं बाहेर पडल्यावर तिथे उरणाऱ्या गाठीही, मोजा. जे गर्भ आधीच मेले त्यांच्यात व्यंगं शोधता येत नाहीत. त्यामुळे मात्रा वाढवल्यावर व्यंगांचा आकडा कमी झालेला दिसू शकतो आणि नवखा माणूस त्याला सुधारणा समजतो. सांगाड्यासाठी अलिझारिन रेड या रंगासोबत अल्शियन ब्लूही वापरा. हाड तांबडं आणि कूर्चा निळी दिसली, की हाड तयार व्हायला नुसता उशीर झालाय की तो भाग मुळातच नाही, हे वेगळं करता येतं.

आणि दिवस मोजता कसा, ते कळवा. समागमाची खूण दिसली तो दिवस काही प्रयोगशाळा शून्य धरतात, काही एक. एकाचा आठवा तो दुसऱ्याचा नववा. उंदरात एवढ्या फरकाने उघडी मज्जानलिका मिटलेली होते, तेव्हा वाचलेल्या प्रत्येक निबंधातली मोजणी आधी तुमच्या पद्धतीत फिरवून घ्या. तुमच्या आणि सरांच्या वादातला अर्धा भाग तिथेच मिटेल, असा माझा अंदाज आहे.

सरांना ‘हा परिणाम नाही’ असं सांगायला जाऊ नका. मातांचं वजन, वेतनिहाय बरगड्या, शोषलेले गर्भ आणि नियंत्रण गट असे चार रकाने करून तक्ता त्यांच्यापुढे ठेवा आणि गप्प बसा. तक्ता भरल्यावरही ते लिहून टाक म्हणाले, तर तो मला पाठवा. प्राण्यांची ओळख क्रमांकाने असू दे, तुमचं आणि संस्थेचं नाव त्यात नको.